हस्तनिर्मित युकुलेले : हवाई बेटांतील एका कारागिरीच्या मूल्याचा इतिहास

प्रास्ताविक

वाद्यांच्या इतिहासाचे लेखन आपल्याकडे बहुधा वादकांच्या व घराण्यांच्या अंगाने झालेले आहे. वाद्य घडविणारा कारागीर त्यात क्वचितच येतो आणि आलाच तर तळटीपेपुरता. या पार्श्वभूमीवर हवाई बेटांतील युकुलेले या चार तारांच्या छोट्या वाद्याचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे. कारण येथे क्रम उलटा आहे. या वाद्याच्या आद्य वादकांविषयी फारसे निश्चित सांगता येत नाही. परंतु ते प्रथम घडविणाऱ्या तीन सुतारांची नावे, त्यांचे मूळ गाव, ते ज्या जहाजाने आले त्याचे नाव आणि ते बंदराला लागल्याची तारीख हे सर्व नोंदलेले आहे. जिम ट्रान्क्वाडा व जॉन किंग यांच्या २०१२ मध्ये हवाई विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे या नोंदी एकत्रित स्वरूपात अभ्यासकांपुढे आल्या आहेत.

आज कोणत्याही शहरातील वाद्यांच्या दुकानात दोन-तीन हजार रुपयांना युकुलेले मिळते. त्याच मापाचे, होनोलुलूमध्ये कोआ या लाकडापासून कारागिराने घडविलेले वाद्य मात्र हजार डॉलरांच्या पुढे जाते. हे अंतर केवळ आवाजाचे आहे काय? आवाजात फरक आहेच, तो नाकारण्याचे कारण नाही. तथापि तेवढ्याने या किमतीचा उलगडा होत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, 'हस्तनिर्मित' हे विशेषण या वाद्याला जन्मतः लाभलेले नव्हते. १८७९ ते १९१५ या छत्तीस वर्षांत होनोलुलूतील युकुलेले छोट्या कार्यशाळांतूनच घडत होती आणि म्हणूनच तसे सांगण्याची कोणाला गरज भासली नाही. दूरवरच्या कारखान्यांनी नक्कल सुरू केल्यानंतर 'कोणी घडविले' आणि 'कोठे घडविले' हे प्रश्न उभे राहिले. ज्या बेटांचे राज्य त्यापूर्वीच हातचे गेले होते, त्यांच्या दृष्टीने हे प्रश्न निव्वळ व्यापाराचे राहिले नाहीत.

ऊसमळे आणि सुतार

१८७५ मध्ये हवाई राज्य व अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांच्यात परस्पर सवलतीचा व्यापारी करार झाला आणि हवाईच्या साखरेला अमेरिकेची बाजारपेठ करमुक्त मिळाली. ऊसमळे झपाट्याने वाढले, परंतु मजूर मिळेनात. बाहेरून आलेल्या रोगांनी मूळ हवाईयन लोकसंख्या एका शतकात अत्यंत क्षीण झाली होती. मळेवाल्यांनी चीन, जपान आणि अटलांटिक महासागरातील पोर्तुगीज बेटांकडे दृष्टी वळविली. मदेरा बेटावर त्या काळात द्राक्षवेलींवरील रोगांमुळे मद्याचा व्यवसाय खचला होता. ऊस हे पीक तेथील लोकांना परिचित होते आणि पोट भरण्यासाठी देशांतर करणे भाग होते. १८७८ मध्ये 'प्रिसिला' हे पहिले जहाज मदेराहून होनोलुलूस आले. त्यामागोमाग २३ ऑगस्ट १८७९ रोजी 'रेव्हन्सक्रॅग' हे जहाज चारशेहून अधिक स्त्री-पुरुष व मुले घेऊन पोहोचले.

या जहाजावर मानुएल नुनेस, आउगुस्तो दियास व जुझे दो इस्पिरितु सांतो हे तिघे होते. तिघेही लाकडी सामानाची घडण करणारे सुतार. पण ते आले ते ऊसमळ्यावरील करारबद्ध मजूर म्हणून. युकुलेलेच्या लोकप्रिय इतिहासांत जहाज धक्क्याला लागताच एका प्रवाशाने आनंदाच्या भरात वाद्य वाजविले, हा प्रसंग रंगवून सांगितला जातो. मदेराच्या या लोकांनी होनोलुलूच्या रस्त्यांवर रात्री गाण्याबजावण्याच्या मैफली केल्याची नोंद तेथील वृत्तपत्रात पुढच्याच महिन्यात आढळते. त्यामुळे त्या प्रसंगात काही तथ्य असावे. परंतु आपल्या दृष्टीने त्यानंतरचा काळ अधिक महत्त्वाचा ठरतो. मळ्यावरील कराराची बांधिलकी संपल्यावर हे तिघे होनोलुलूत परतले आणि १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांची स्वतंत्र दुकाने उभी राहिली. खुर्च्या-कपाटे हा मुख्य धंदा आणि वाद्ये हा जोडधंदा, असे त्यांचे प्रारंभीचे स्वरूप होते.

त्यांनी सोबत आणलेली वाद्ये दोन. एक माशेत, म्हणजे चार तारांचे लहान मदेरी वाद्य. दुसरे रजांव, म्हणजे त्याहून मोठे व पाच तारांचे. पोर्तुगीज दर्यावर्दी जगाच्या विस्तारात या वाद्यकुळाच्या निरनिराळ्या शाखा निरनिराळ्या किनाऱ्यांवर रुजल्या. ब्राझीलमधील काव्हाकिन्यु आणि इंडोनेशियातील क्रोंचोंग ही त्यांचीच भावंडे होत. होनोलुलूत या तिघांच्या हाती जे घडले, त्यात आकार साधारणतः माशेतचा आणि स्वरजुळणी रजांवच्या चार तारांची असा संकर दिसतो. रजांवप्रमाणेच येथे वरची तार क्रमाने खर्जात न जाता उंच स्वरात लावली जाते. युकुलेलेचा ओळखीचा खळखळता नाद त्यातूनच येतो. तिसरी गोष्ट मात्र मदेरातून आली नव्हती, ती म्हणजे कोआचे लाकूड. कोआ हा हवाई बेटांखेरीज अन्यत्र निसर्गतः न आढळणारा वृक्ष आहे. तो आपल्याकडील बाभळीच्या दूरच्या भावकीतला. त्याच्या खोडापासून हवाईयन लोक पूर्वापार होड्या कोरीत आले होते. परक्या सुतारांनी आपले वाद्य या लाकडात उतरविले, तेव्हाच ते अर्धे हवाईयन झाले असे म्हणावयास हरकत नाही.

राजाश्रय

उरलेले अर्धे काम राजा कालाकाउआ याने केले. १८७४ ते १८९१ हा त्याचा राज्यकाल. १८८१ मध्ये त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. मळ्यांसाठी मजूर मिळविणे हा या प्रवासाच्या हेतूंपैकी एक होता आणि त्या प्रवासात तो कोलकाता व मुंबई येथेही येऊन गेला होता. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली १८३० मध्ये जाहीर प्रयोगाची बंदी आलेल्या हुला नृत्याला त्याने पुन्हा दरबारात स्थान दिले. १८८६ च्या नोव्हेंबरात त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या महोत्सवात हुलाचे प्रयोग झाले. या काळात आकाराला आलेल्या नव्या धर्तीच्या हुलामध्ये पारंपरिक तालवाद्यांच्या जोडीला युकुलेले साथीला असे. राजा स्वतः ते वाजवीत असे आणि कारागिरांना त्याचे प्रोत्साहन होते.

'युकुलेले' या नावाविषयी एकापेक्षा अधिक व्युत्पत्ती सांगितल्या जातात. 'उकु' म्हणजे पिसू आणि 'लेले' म्हणजे उडणे. तेव्हा वादकाची बोटे पिसवांसारखी उडतात म्हणून हे नाव, ही सर्वपरिचित व्युत्पत्ती होय. कालाकाउआची बहीण व हवाईची अखेरची राणी लिलिउओकालानी हिने मात्र त्याचा अर्थ 'चालून आलेली भेट' असा लावला. भाषाशास्त्राच्या कसोटीवर यांतील कोणती व्युत्पत्ती टिकेल हा वेगळा प्रश्न. इतिहासाच्या अभ्यासकाला राणीची निवड अधिक बोलकी वाटते. १७ जानेवारी १८९३ रोजी मळेवाले व व्यापारी यांच्या गटाने अमेरिकन नौसैनिकांच्या उपस्थितीत तिचे राज्य उलथविले आणि १८९८ मध्ये ही बेटे अमेरिकेला जोडली गेली. बाहेरून आलेल्या ज्या एका गोष्टीने काही हिरावून नेले नाही, तिला तिने भेट म्हटले.

तबलीची जाडी

येथे या वाद्याच्या घडणीचा विचार केल्याशिवाय पुढील इतिहास समजणार नाही. आपल्याकडील सतारमेकरांचे शब्द वापरावयाचे तर युकुलेलेची तबली, म्हणजे पेटीचा वरचा फळा, हेच त्याचे मर्म. सर्वात लहान म्हणजे सोप्रानो मापाच्या वाद्यात तारेची कंप पावणारी लांबी पस्तीस सेंटिमीटरच्या आसपास असते. पूर्वी तात, म्हणजे आतड्याची तार, वापरीत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आले. अशा चार तारांचा ताण गिटारीच्या पोलादी तारांच्या मानाने अगदी थोडा. या तुटपुंज्या शक्तीवर तबली हालवावयाची असल्याने ती दोन मिलिमीटरच्या आत आणावी लागते. जाड राहिली तर आवाज कोंडतो. फार पातळ झाली तर घोडीखाली दबते आणि काही वर्षांत चिरते.

यातील अडचण अशी की योग्य जाडीचा एकच आकडा सांगता येत नाही. कोआचे एक झाड दुसऱ्यासारखे नसते. एकाच खोडातील दोन फळ्यांची घनता व ताठरपणा निराळा असतो, नागमोडी रेषांचा देखणा फळा सरळ रेषांच्या फळ्यापेक्षा लवचिक निघतो. कारागीर फळा दोन बोटांत धरून टिचकी मारतो, वाकवून पाहतो, पुन्हा रंधा फिरवितो. बाजूच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या नळीवर हळूहळू वाकवाव्या लागतात, त्यातही रेषांच्या कलाने जावे लागते. आतील आधारपट्ट्या किती बारीक ठेवायच्या, हे तबली पाहून ठरते. पडद्यांची अंतरे मात्र गणिताने ठरतात आणि तेथे यंत्र माणसाहून सरस आहे. हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. हस्तकौशल्याच्या गौरवाच्या भरात सगळेच काम हाताने उत्तम होते असे लिहिण्याची प्रथा पडली आहे, ती कारागिरालाच अन्याय करणारी आहे. त्याचे कसब नेमके कोठे आहे हे त्यामुळे झाकले जाते.

या मुद्द्याचा पुरावा अमेरिकेतील मार्टिन या नामवंत गिटार कंपनीच्या अनुभवात मिळतो. पेनसिल्व्हेनियातील नॅझरेथ येथील या कंपनीने १९०७ च्या सुमारास प्रथम युकुलेले करून पाहिली. ती गिटारीच्या पद्धतीने, भक्कम आधारपट्ट्या घालून केली होती. त्यांचा आवाज खुलला नाही आणि प्रयत्न सोडून द्यावा लागला. पिढ्यान्‌पिढ्या उत्कृष्ट गिटार घडविणाऱ्यांनाही हे छोटे वाद्य नव्याने शिकावे लागले.

प्रदर्शन, नक्कल आणि शिक्का

१९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेल्या 'द बर्ड ऑफ पॅरडाइज' या नाटकाने हवाई संगीताची गोडी अमेरिकेत पसरविली. त्यानंतर १९१५ मध्ये पनामा कालव्याच्या निमित्ताने सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातील हवाई दालनाने तिची लाट केली. हे प्रदर्शन पावणेदोन कोटींहून अधिक प्रेक्षकांनी पाहिले. होनोलुलूचा मूळ हवाईयन उत्पादक जोना कुमालाए याला तेथे सुवर्णपदक मिळाले. एका वर्षात मागणी इतकी वाढली की होनोलुलूतील सर्व कार्यशाळा मिळूनही ती पुरवू शकत नव्हत्या.

ही पोकळी मुख्य भूमीवरील कारखान्यांनी भरली. मार्टिनने १९१६ पासून सुधारित रचनेची युकुलेले विक्रीस आणली आणि १९२० च्या दशकात त्यांची विक्री कंपनीच्या गिटारींनाही मागे टाकू लागली. ती दर्जेदार होती, हे निःसंशय. शिकागो व न्यूयॉर्क परिसरातील इतर अनेक कारखान्यांची मात्र स्थिती वेगळी होती. स्वस्त लाकडाची वाद्ये ताडाची झाडे व हुला नर्तिकांची चित्रे रंगवून, हवाई बेटांच्या नावाने विकली जात होती. हवाईच्या उत्पादकांनी व व्यापाऱ्यांनी तक्रार केली. त्यातूनच हवाईत तयार झालेल्या वाद्यांवर राजचिन्हासह 'टाबू' हा शब्द व 'हवाईत निर्मित' अशी अक्षरे असलेला शिक्का उमटविण्याची पद्धत आली. 'टाबू' म्हणजे निषिद्ध, इतरांनी हात लावू नये असे. जे राजचिन्ह १८९३ नंतर राज्याच्या अर्थाने निरर्थक झाले होते, ते वाद्याच्या दांडीवर मालाची सत्यता सांगू लागले. बेटांना आपल्या नावावर हक्क सांगण्यासाठी त्या घडीला राजसत्तेचा मार्ग उपलब्ध नव्हता; व्यापारी शिक्क्याचा होता.

मानुएल नुनेस याने आपल्या वाद्यांतील चिठ्ठीवर १८७९ मध्ये युकुलेलेचा शोध लावणारा असा स्वतःचा उल्लेख छापला, तोही याच स्पर्धेच्या संदर्भात वाचावा लागतो. १८७९ मध्ये तो नुकताच जहाजातून उतरलेला होता आणि त्याच्यासमोर मळ्यावरील करार होता. त्या वर्षी त्याने काही शोध लावल्याचे सिद्ध होत नाही. शिवाय दियास व इस्पिरितु सांतो यांचा वाटा त्यात नाहीसा होतो. इस्पिरितु सांतो १९०५ मध्ये आणि दियास १९१५ मध्ये मरण पावला होता. नुनेस १९२२ पर्यंत जगला. शोधाचे श्रेय जो अधिक जगतो आणि ज्याची मुले दुकान चालवितात त्याच्याकडे जाते, हे अन्य क्षेत्रांतही दिसते.

एक गोष्ट येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. 'टाबू' शिक्क्याने ग्वाही दिली ती स्थळाची, हाताची नव्हे. कुमालाएची निर्मिती स्वतःच कारखान्याच्या प्रमाणावर गेलेली होती आणि होनोलुलूतील करवती व रंधे यंत्रावर चालू लागले होते. तरीही ग्राहकाच्या मनात 'हवाईचे' व 'हाताचे' हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले. पुढील शतकभर युकुलेलेच्या किमतीत हा मिसळलेला अर्थ वावरताना दिसतो.

कामाका घराणे

नुनेसकडे काम शिकलेल्या सॅम्युएल कामाका याने १९१६ मध्ये होनोलुलूत स्वतःची निर्मिती सुरू केली. तो हवाईयन होता. मदेरी सुताराकडून आलेली विद्या अशा रीतीने बेटाच्या मूळ रहिवाशाच्या हाती पोहोचली. अननसाच्या लंबगोल आकाराच्या पेटीचे युकुलेले ही त्याची देणगी. त्याचे एकस्व त्याला १९२८ मध्ये मिळाले. १९५३ मध्ये त्याचे निधन झाले तेव्हा काळ प्रतिकूल होता. १९४९ मध्ये मारिओ माक्काफेर्री याने साच्यात ओतलेले प्लॅस्टिकचे युकुलेले बाजारात आणले होते. दूरचित्रवाणीवरील प्रसिद्धीच्या बळावर ते लाखोंच्या संख्येने खपले. बाकीच्या जुन्या कार्यशाळा एकामागून एक बंद पडल्या होत्या. कामाकाच्या मुलांनी दुकान चालू ठेवले. थोरला मुलगा कीटकशास्त्रातील डॉक्टरेटचे काम सोडून परत आला.

या कार्यशाळेत १९५० च्या दशकापासून कर्णबधिर कामगारांना घेण्यात आले. फळीवर टिचकी मारून तिच्या कंपनाचा बोटांना होणारा स्पर्श ते ओळखत आणि त्यावरून तबलीची जाडी पुरेशी उतरली की नाही ते सांगत. ही हकीकत भावुकतेने सांगितली जाते. पण तिचे महत्त्व तांत्रिक आहे. युकुलेलेच्या घडणीतील निर्णायक ज्ञान ऐकण्याआधी स्पर्शाचे आहे, आणि ते लिहून देता येत नाही, शेजारी बसवून द्यावे लागते, हे त्यावरून कळते. या कार्यशाळेत यंत्रेही आहेत. तरीही ती हस्तनिर्मितीची कार्यशाळा ठरते, कारण प्रत्येक फळ्याबाबतचा निर्णय माणूस घेतो. कारखान्यात हा निर्णय एकदाच, आराखडा काढताना घेतला जातो आणि सर्वात दुबळा फळाही टिकावा म्हणून तबली जाडच ठेवली जाते. माझ्या मते हस्तनिर्मित व यंत्रनिर्मित यांतील सीमारेषा येथे आखावी.

१९९३ मध्ये इझ्राएल कामाकाविवोओले याचा 'फेसिंग फ्यूचर' हा ध्वनिसंग्रह आला. त्याने व २००६ मध्ये जेक शिमाबुकुरो याच्या वादनाच्या चित्रफितीने युकुलेलेला पुन्हा जगभर मागणी आली. या तिसऱ्या लाटेतील बहुसंख्य वाद्ये चीनमध्ये तयार झाली. त्याच वेळी हवाईत एकट्याने किंवा दोन-तीन सहकाऱ्यांसह काम करणाऱ्या कारागिरांची नवी पिढीही उभी राहिली. स्वस्त वाद्याने हाताच्या वाद्याचे गिऱ्हाईक घटविण्याऐवजी घडविले, हा या टप्प्याचा विशेष होय. शिकाऊ वादक स्वस्त वाद्यावर सुरुवात करतो आणि कान तयार झाल्यावर कोआकडे वळतो. आज हवाईच्या कायद्यानुसार 'हवाईत निर्मित' म्हणवून घेण्यासाठी वस्तूच्या घाऊक किमतीपैकी किमान ५१ टक्के मूल्य राज्यात निर्माण झालेले असावे लागते. 'टाबू' शिक्क्याचाच हा आधुनिक अवतार म्हणता येईल.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे मिरजेची आठवण होणे स्वाभाविक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचा मूळ व्यवसाय इंग्रजी अंमलात बसला आणि फरीदसाहेबांसारखे कारागीर तंबोऱ्याकडे वळले. मदेराच्या सुतारांप्रमाणेच हेही एका अर्थव्यवस्थेने मोकळे केलेले हात होते. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. स्थळाच्या नावाला आता कायद्याचे संरक्षण आहे. परंतु तंबोऱ्याच्या भोपळ्यासाठी कारागीर पंढरपूर-मंगळवेढा भागातील शेतकऱ्यांवर अवलंबून आहेत आणि त्या पिकाची शाश्वती मानांकनाच्या कक्षेत येत नाही.

कोआचे जंगल

हवाईतील कारागिरांपुढे हाच प्रश्न कोआच्या रूपाने उभा आहे. १७९३ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरने राजा कामेहामेहा याला भेट दिलेली गुरे मोकळी सोडली गेली, वाढली, आणि पुढे कुरणांच्या व्यवसायाने उंचावरील कोआची जंगले मोठ्या प्रमाणावर नाहीशी केली. कोवळी रोपे गुरांच्या तोंडी पडत असल्याने जुनी झाडे पडत गेली तशी त्यांची जागा गवताने घेतली. आज वाद्यासाठी लागणारा कोआ प्रामुख्याने मेलेल्या किंवा उन्मळलेल्या झाडांपासून मिळतो. नागमोडी रेषांचा फळा दुर्मिळ झाला आहे. हस्तनिर्मित युकुलेलेच्या किमतीतील बराच भाग या लाकडाचा आहे. रोपापासून कापण्याजोगे झाड होण्यास कित्येक दशके जातात, म्हणजे आज लावणाऱ्या कारागिराला ते वापरावयास मिळेलच असे नाही. मात्र कोआचे कठीण सालीचे बी जमिनीत वीस-पंचवीस वर्षे जिवंत राहते. हवाई बेटावरील मौना केआच्या उतारांवर काही जुन्या कुरणांना कुंपण घालून गुरे बाहेर काढली आणि वरची माती उकरली, तेव्हा पेरणी न करताही तेथे कोआची रोपे उगवून आली आहेत.